वणव्यानंतरचं जॅस्पर: आधी मुक्काम, मग रस्ता, मग ठिकाणं

मे महिना उजाडला की कॅनडातल्या कॅल्गरी-एडमंटनकडच्या मराठी घरांत एक ठरलेली धांदल सुरू होते. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेले असतात, त्यांना बॅम्फ दाखवून झालेलं असतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘या वेळी जॅस्परला जाऊ.’ इथून पुढे हमखास दोनपैकी एक चूक होते. काही जण ‘ते तर जळून गेलं ना?’ म्हणून बेतच सोडून देतात. बाकीचे कुणा मित्राची २०१९ सालची सहलीची यादी जशीच्या तशी उचलतात, गाडीत सामान टाकतात आणि निघतात. दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे फोन मला संध्याकाळी सात वाजता येतात. ट्रेल बंद आहे, हॉटेल मिळत नाही, आईंचे पाय दुखतायत, आता काय करू?

म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. आधी पार्श्वभूमी, लागेल तेवढीच. जॅस्पर हे अल्बर्टा प्रांतातल्या रॉकी पर्वतांमधल्या राष्ट्रीय उद्यानाचं आणि त्यातल्या गावाचं नाव. २२ जुलै २०२४च्या रात्री जॅस्पर रिकामं करण्यात आलं आणि २४ जुलैला वणवा गावात शिरला. गावातल्या १,११३ इमारतींपैकी ३५८ जळाल्या. त्यात कॉनॉट ड्राइव्हवरचं मलीन लॉज होतं, १९२८ सालचं दगडी चर्च होतं आणि शेकडो लोकांची राहती घरं होती. इस्पितळ, शाळा आणि गावाच्या मधोमध असलेलं जुनं इन्फॉर्मेशन सेंटर वाचलं. उद्यानात सुमारे ३२,७०० हेक्टर जंगल आगीखाली आलं. आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या. उद्यान सुमारे ११,००० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे जळालेला भाग शंभरात तीनच्या आसपास भरतो. पण तो नेमका गावाच्या दक्षिणेला आणि भोवताली आहे. जुन्या याद्यांमधले सोपे, घरच्यांना घेऊन जाण्यासारखे कितीतरी ट्रेल त्यातच येतात. त्यामुळे ‘सगळं जळलं’ हे जितकं चूक, तितकंच ‘काही फरक पडलेला नाही’ हेही चूक.

सहलीत आपण आधी ठिकाणं ठरवतो, मग मुक्काम शोधतो, आणि बाहेर पडायच्या रस्त्याचा विचार करतच नाही. इथे आधी मुक्काम, मग रस्ता, मग ठिकाणं असा क्रम धरायचा.

## १. जुनी यादी बाजूला ठेवा, नवा नकाशा करा

पार्क्स कॅनडा म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था. तिच्या जॅस्परच्या पानावर दोन गोष्टी सापडतात: सध्या लागू असलेल्या सूचना आणि बंद भागांचे नकाशे, आणि ट्रेलची स्थिती. नियोजनाची सुरुवात तिथून करा. गूगलवर एखादी जागा ‘उघडी’ दिसते म्हणून विसंबू नका. व्हॉट्सअॅपवर आलेल्या तीन मिनिटांच्या व्हिडिओवर तर मुळीच नको, कारण तो कोणत्या साली काढला हे कुणालाच माहीत नसतं.

एक साधा कागद घ्या आणि त्यावर तीन गट करा.

पहिल्या गटात आगीची झळ न पोहोचलेली ठिकाणं. दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवरचं कोलंबिया आइसफील्ड, सनवॅप्टा धबधबा, गावाच्या आग्नेयेला डोंगरांत असलेलं मलीन लेक, पूर्वेकडचे मिएट गरम पाण्याचे झरे. सहलीचा कणा या गटातून उभा करायचा. झरे आणि मलीन लेकवरच्या बोटी हंगामी असतात, त्यांच्या तारखा तेवढ्या पाहून घ्या.

दुसऱ्या गटात आग जिथून गेली ती ठिकाणं: व्हॅली ऑफ द फाइव्ह लेक्स, मलीन कॅन्यन, एडिथ कॅव्हेलच्या रस्त्याचा भाग, वाबासो कॅम्पग्राउंड. मलीन कॅन्यनला खाण्यापिण्याची जी इमारत होती ती जळाली, दरीवरच्या पुलांनाही धक्का बसला. अशी जागा ‘उघडी’ असली तरी ती पूर्ण उघडी आहे की काही भागच, वाट तीच आहे की बदललेली, हे निघायच्या आठवड्यात पाहायचं. या गटातलं दिवसाला एकच ठिकाण घ्या आणि त्याला पर्याय लिहून ठेवा.

तिसऱ्या गटात ज्यांच्याबद्दल खात्रीशीर काही सापडत नाही अशी ठिकाणं. ती यंदा सोडून द्या. सोबत सत्तरीतली माणसं असतील तर यावर वाद घालू नका.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे स्थिती कोणत्या तारखेला पाहिली ते लिहिलंय का? तारीख दहा दिवसांपेक्षा जुनी असेल तर पुन्हा पाहा.

## २. मुक्काम सगळ्यांत आधी

सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

गावातल्या राहण्याच्या जागा आगीत कमी झाल्या. त्यात ज्यांची घरं गेली त्यांना आणि पुनर्बांधणीसाठी आलेल्या कामगारांनाही राहायला जागा लागते. म्हणजे खोल्या कमी आणि मागणारे जास्त. जुलै-ऑगस्टची सहल असेल आणि तुम्ही जूनमध्ये खोली शोधत असाल, तर गावातली खोली परवडेलच असं नाही.

क्रम असा ठेवा. आधी टुरिझम जॅस्परच्या यादीत हॉटेलचं नाव आहे का ते बघा. मग बुकिंग साइटवर दर बघा. शेवटी थेट हॉटेलला फोन करा. फोनवर तीन प्रश्न विचारायचे: इमारत सध्या चालू आहे का, आजूबाजूला बांधकाम सुरू आहे का आणि ते सकाळी किती वाजता सुरू होतं, आणि वणवा किंवा धुरामुळे रस्ता बंद झाला तर पैसे परत मिळतात का. तिसऱ्याचं उत्तर ईमेलवर लेखी मागून घ्या.

आमची स्वतःची चूक सांगतो. एका बुकिंग साइटवर मी ‘जॅस्पर’ टाकून शोधलं, दर बरा दिसला, घाईत पैसे भरले. हॉटेल निघालं हिंटनमध्ये, गावापासून सुमारे ८० किलोमीटर लांब. कॅल्गरीहून दिवसभर गाडी चालवून जॅस्परला पोहोचलो होतो, मागच्या सीटवर सासूबाई होत्या, अंधार पडत होता, आणि पुढे एल्क (सांबरासारखी मोठी हरणं) फिरतात त्याच हायवेवरून आणखी तासभर जायचं होतं. हिंटन वाईट नाही. उलट स्वस्त आहे, दुकानं आहेत, औषधं मिळतात. पण तिथे राहायचं हे आपण ठरवलेलं असायला हवं, रात्री आठ वाजता कळायला नको. पैसे भरण्याआधी पत्त्यात गावाचं नाव वाचा.

पश्चिमेकडे व्हेलमाउंट सुमारे १२० किलोमीटरवर आहे. ते ब्रिटिश कोलंबियात येतं, उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास मागे असतं. बोटीची किंवा टूरची वेळ धरायची असेल तर हा तास पक्का डोक्यात ठेवा. माउंट रॉब्सन मात्र त्याच रस्त्यावर लागतो, त्यामुळे तिकडचा मुक्काम वाया जात नाही.

जॅस्परमध्ये खासगी घरांतल्या खोल्याही भाड्याने मिळतात, बऱ्याचदा तळघरातल्या. त्यांना परवाना लागतो, तो आहे का ते विचारा. आगीत गेलेल्या घरांच्या जुन्या जाहिराती इंटरनेटवर कुठेकुठे राहिलेल्या असू शकतात, म्हणून मालकाशी बोलल्याशिवाय पैसे पाठवू नका.

कॅम्पिंग करणार असाल तर पार्क्स कॅनडाच्या आरक्षणाच्या तारखा हिवाळ्यातच जाहीर होतात. पहिल्या दिवशी सकाळी ऑनलाइन रांगेत बसावं लागतं. व्हिसलर्स कॅम्पग्राउंड सगळ्यांत मोठं, ७८१ जागांचं. पण तिथे दाट झाडांची सावली मिळेल असं धरून चालू नका. उन्हासाठी ताडपत्री किंवा छत सोबत हवं. वाबासोचं नाव जुन्या लेखांत भरपूर दिसेल. त्या हंगामाच्या आरक्षणात ते दिसत असेल तरच ते आहे असं समजा.

सावध: ‘जाऊ, काहीतरी मिळेल’ हा हिशेब इथे चालत नाही. हायवेच्या कडेला किंवा ट्रेलच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपायला बंदी आहे आणि दंड होतो.

## ३. पास आणि विमा

उद्यानाच्या प्रवेश-पासचं लवकर आटोपतं. आइसफील्ड्स पार्कवेवरून, म्हणजे लेक लुईसहून जॅस्परला येणाऱ्या रस्त्याने, जाणार असाल तर पास लागतोच. हिंटन-जॅस्पर-व्हेलमाउंट अशा जाणाऱ्या हायवे १६ वरून न थांबता फक्त पार होणार असाल तर लागत नाही. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. काही उन्हाळ्यांत सरकारने सगळ्यांनाच मोफत प्रवेश दिला होता, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या वर्षी तसं काही आहे का ते बघा. प्रवेश मोफत असला तरी कॅम्पिंगचे पैसे वेगळे.

विम्याकडे मात्र लक्ष द्या. वणव्याची बातमी आल्यावर घेतलेला सहल-रद्द विमा त्या वणव्यासाठी सहसा उपयोगाला येत नाही, कारण कंपनीच्या दृष्टीने ती माहीत असलेली घटना झाली. म्हणजे खोलीचे पैसे भरले त्याच दिवशी विमाही घ्यायचा. आई-बाबांसाठी घेतलेला वैद्यकीय विमा हा वेगळा असतो. त्यात सहल रद्द झाल्याची भरपाई नसते. दोन्हींची गल्लत फार जण करतात.

## ४. गाडी भरताना

लेक लुईस ते जॅस्पर हा आइसफील्ड्स पार्कवे २३२ किलोमीटरचा आहे. वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. पेट्रोल मिळतं ते फक्त सस्कॅचेवान क्रॉसिंगला, तेही हंगामात आणि महाग. लेक लुईसला टाकी पूर्ण भरूनच निघा.

निघायच्या आदल्या रात्री हे पाहून ठेवा:

१. जॅस्पर, हिंटन, व्हेलमाउंट आणि लेक लुईस हे चारही भाग येतील असा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. कागदी नकाशा असेल तर उत्तमच.

२. हॉटेलचं बुकिंग, पासपोर्ट, विम्याची पावती यांचे स्क्रीनशॉट दोन फोनमध्ये ठेवा.

३. मोठ्यांची रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्त घ्या आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. रस्ता बंद होऊन अडकायची वेळ आली तर सगळ्यांत आधी हीच लागतात.

४. धुरासाठी एन-९५ मास्क, माणशी दोन. कापडी रुमाल धुराचे बारीक कण अडवत नाही.

५. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा. विमानातून आणता येत नाही, इथेच विकत घ्यावा लागतो. डब्यावरची मुदत वाचा. उन्हात बंद गाडीत ठेवून जाऊ नका, फुटू शकतो.

६. दोन वेळचं जेवण. पोळ्या, कोरडी भाजी, दशम्या, चिवडा, काहीही चालेल. शाकाहारी घरांनी तर हे सोडूच नये. हंगामात संध्याकाळी जेवायला रांगा लागतात, आणि दमलेल्या म्हाताऱ्या माणसाला तासभर उभं ठेवणं बरं नाही.

७. माणशी दोन लिटर पाणी. जळालेल्या जंगलात सावली नसते, आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट पाणी लागतं.

कॅम्पला जाणाऱ्यांसाठी एक जास्तीचं. कुकर, तेलाची बाटली, मसाल्याचा डबा, उरलेलं अन्न, भांडी घासायची घासणी, टूथपेस्ट, हे सगळं झोपताना आणि जागा सोडताना गाडीत बंद करायचं. टेबलावर फोडणीचा वास असलेली कढई राहिली तरी रेंजर जागा रद्द करू शकतो. एकदा माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल बऱ्याचदा मारावं लागतं. आपण काळजी घेतली तर एक जीव वाचतो, इतकी सरळ गोष्ट आहे.

## ५. निघायच्या सकाळी

५११ अल्बर्टा या रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या सरकारी सेवेवर रस्ते पाहा. पार्क्स कॅनडाच्या सूचना पुन्हा पाहा. धुरासाठी एअर क्वालिटी हेल्थ इंडेक्स पाहा. हा आकडा १ पासून सुरू होतो आणि १०च्या वर गेला तर धोका अतितीव्र मानतात. सोबत दमा किंवा हृदयविकार असलेलं कुणी असेल तर ७ पासूनच बेत बदला. घरात बसून वाट पाहायला कुणालाच आवडत नाही, पण धुरात डोंगर दिसतही नाहीत.

आग पेटवायला बंदी आहे का तेही बघा. बंदी असली की लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद. गॅसची शेगडी बहुतेक वेळा चालते, पण त्या दिवशीची सूचना वाचूनच पेटवा.

अल्बर्टा इमर्जन्सी अलर्ट हे अॅप सगळ्या मोठ्यांच्या फोनमध्ये हवं. गाडी चालवणाऱ्याच्या एकट्याच्या फोनमध्ये असून भागत नाही.

नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर पार्कवेवर हिवाळी टायर कायद्याने लागतात.

## ६. गावात पोहोचल्यावर पहिला थांबा

हॉटेलवर जाण्याआधी कॉनॉट ड्राइव्हवरच्या इन्फॉर्मेशन सेंटरमध्ये जा. दहा मिनिटं लागतात. तिथल्या माणसाला असं विचारा: ‘माझ्यासोबत सत्तरीतली दोन माणसं आणि सहा वर्षांचं मूल आहे, उद्या चार तास आहेत, आजच्या घडीला कुठे पाठवाल?’ ‘बघण्यासारखं काय आहे?’ असं मोघम विचारलं तर मोघमच उत्तर मिळतं.

तुमची यादी त्यांना दाखवा आणि दुसऱ्या गटातल्या ठिकाणांवर त्यांच्यासमोर फुली किंवा टिक मारून घ्या. वाऱ्याचा अंदाजही तिथेच विचारा. तो कशाला, ते पुढच्या टप्प्यात येतंय.

## ७. जळालेल्या जंगलातून चालताना

ज्या माणसांनी सह्याद्रीत आयुष्यभर ट्रेक केलेत, त्यांनाही हे नवं आहे. आपल्याकडे गवताला वणवा लागतो, पावसाळ्यात डोंगर पुन्हा हिरवा होतो आणि आपण विसरून जातो. इथे उभी झाडं जळतात आणि पुढची कित्येक वर्षं तशीच उभी राहतात. खरा धोका त्यांचाच असतो.

वर बघा. इथल्या लॉजपोल पाइनची मुळं फार खोल जात नाहीत. आगीत वरची माती आणि मुळं जळालेली असतात. असं झाड वाऱ्याने पडतं आणि काही वेळा वारा नसतानाही पडतं. पडताना आवाज येईलच असं नाही. म्हणून जळक्या पट्ट्यात थांबायचं नाही, डबा उघडायचा नाही, फोटोसाठी झाडाला टेकायचं नाही. विश्रांती घ्यायची ती मोकळ्या जागेत, जवळच्या सगळ्यांत उंच झाडाच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर. फांद्या करकरायला लागल्या, शेंडे झुलायला लागले की आलो त्या वाटेने परत. ‘थोडंच राहिलंय’ हे वाक्य तिथे कुणी बोलायचं नाही.

खाली बघा. जमिनीखालचे बुंधे आणि मुळं जळून गेली की पोकळी तयार होते. वरून राख आणि मातीचा पापुद्रा सपाट दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. वाटेवरून हलायचं नाही याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण त्या राखेतून वर येणारे कोंब, ते एका पावलाने मरतात. मुलांना हे दुसरं कारण सांगा. ती मोठ्यांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळतात, असा माझा अनुभव आहे. वयस्कर माणसांच्या हातात काठी द्या.

पाऊस. जळालेली माती पाणी शोषत नाही, वरूनच वाहून जाऊ देते. वर डोंगरावर अर्धा तास पाऊस पडला तरी खाली ओढ्याला गढूळ लोंढा येऊ शकतो, सोबत दगड आणि ओंडके घेऊन. वीज चमकली किंवा ओढ्याचं पाणी अचानक चहासारखं झालं तर ओढ्याच्या काठाने पळू नका. बाजूला आणि वर चढा. तीव्र उतारांखालून जाणाऱ्या वाटा पाऊस थांबल्यावरही त्या दिवसापुरत्या सोडून द्या.

अस्वलं. झाडं गेल्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोहोचतं, नवं गवत आणि बेरी येतात आणि अस्वलं त्यासाठी येतात. चौघांनी एकत्र चाला, बोलत चाला, वळणावर टाळ्या वाजवा. स्प्रे कमरेला हवा. पिशवीच्या तळाशी, डब्याखाली ठेवलेल्या स्प्रेचा काही उपयोग नाही. अस्वल, लांडगा दिसला तर १०० मीटर अंतर, एल्क आणि हरणांपासून ३०. तीस मीटर म्हणजे तीन एसटी एकामागे एक उभ्या राहतील एवढं. मे-जूनमध्ये पिल्लं असलेल्या एल्क माद्या आणि सप्टेंबरमध्ये नर अंगावर धावून येतात, गावातल्या रस्त्यावरसुद्धा.

काहीही उचलू नका. जळकं लाकूड, वितळलेली काच, दगड, फुलं, काहीच नाही. वणव्यानंतरच्या वसंतात गुच्ची (एक प्रकारची महागडी अळंबी) उगवतात हे खरं आहे. इतर जंगलांत लोक त्या वेचतात, पण राष्ट्रीय उद्यानात ते बेकायदा आहे. ड्रोनही बेकायदा. बंद भागात शिरलात तर दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. बंदची पट्टी ओलांडून आत गेलेला माणूस अडकला, तर त्याला काढायला त्याच पडत्या झाडांखाली कुणालातरी जावं लागतं. २०२४मध्ये ही आग विझवताना एका तरुण अग्निशामकाचा झाड अंगावर पडून मृत्यू झाला. त्या पट्टीसमोर उभे राहाल तेव्हा एवढं आठवा.

आई-बाबांना चालणं झेपणार नसेल आणि वणव्यानंतरचं जंगल नुसतं पाहायचं असेल, तर मलीन लेकच्या रस्त्याने जाताना मेडिसिन लेकजवळ गाडी रुंद जागेत थांबवा. तिथला डोंगर २०१५च्या वणव्यात जळाला होता. इतक्या वर्षांनी काय होतं ते गाडीच्या खिडकीतून दिसतं, राखेत पाय घालावा लागत नाही.

तपासा: वाटेला लागण्याआधी गटातल्या प्रत्येकाला माहीत आहे का, की वारा वाढला तर कुठून परतायचं आणि स्प्रे कुणाकडे आहे?

## ८. गावात वावरताना

मोकळे झालेले प्लॉट, कुंपणं, नवी घरं, कामाचे ट्रक, हे सगळं दिसेल, विशेषतः गावाच्या पश्चिमेकडच्या गल्ल्यांत. त्या गल्ल्यांतून हळू गाडी चालवत मोबाइल बाहेर काढून चित्रण करणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून हे करू नका. आपल्याकडे कुणाच्या घरी दुःख झालं तर आपण दारात उभं राहून फोटो काढत नाही.

दुकानदार, वेटर, हॉटेलातली मुलगी यांना पहिलाच प्रश्न ‘तुमचं घर वाचलं का?’ असा टाकू नका. दिवसातून वीस वेळा तेच उत्तर देणं किती जड जात असेल. ‘तुमच्याकडे येता आलं, बरं वाटलं’ एवढं पुरतं. त्यांना सांगावंसं वाटलं तर ती माणसं स्वतःहून सांगतात, आणि मग ऐकायला वेळ काढा.

किराणा, कॉफी, छोटी खरेदी गावातच करा. एडमंटनहून सगळं भरून आणून नुसता कचरा गावात टाकून जाणं बरोबर नाही. खोली साफ व्हायला वेळ लागला, जेवण उशिरा आलं तर जरा थांबा. कामाला माणसं आहेत, पण त्यांना राहायला पुरेशी घरं नाहीत.

## ९. पुन्हा वणवा लागला तर

२२ जुलै २०२४ला एका रात्रीत गाव आणि उद्यान मिळून सुमारे २५,००० माणसांना बाहेर पडावं लागलं, त्यांतले बहुसंख्य पर्यटक होते. पूर्वेचा आणि दक्षिणेचा रस्ता आगीने धोक्यात आल्यामुळे सगळ्यांना हायवे १६ने पश्चिमेकडे, ब्रिटिश कोलंबियात पाठवलं गेलं. कॅल्गरीहून आलेल्यांना घरी परतायला प्रचंड वळसा पडला. यातून तुमच्यासाठी निघणारी कामं अशी:

१. उद्यानात असेपर्यंत टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. संध्याकाळी हॉटेलवर जाण्याआधी भरायची, सकाळी नाही.

२. तिन्ही रस्ते आधीच समजून घ्या: पूर्वेला हिंटन आणि पुढे एडमंटन, पश्चिमेला व्हेलमाउंट, दक्षिणेला लेक लुईस. आपण आलो तोच रस्ता परतीला मिळेल असं गृहीत धरू नका.

३. झोपताना पासपोर्ट, औषधं, चष्मे, चार्जर, चाव्या एका पिशवीत दाराजवळ. सासऱ्यांची कवळी आणि श्रवणयंत्र त्यातच.

४. सूचना आली की निघायचं. तंबू, खुर्च्या, शेगडी मागे राहिली तरी चालेल. दोन गाड्या असतील तर एकत्र निघा, पण एकमेकांसाठी रस्त्यात थांबू नका. भेटायचं गाव आधी ठरवा.

५. दिवे लावा, काचा बंद ठेवा, गाडीतली हवा आतल्या आत फिरती ठेवा. धुरात पुढच्याला ओव्हरटेक करू नका.

६. सुरक्षित गावी पोहोचलात की तिथल्या स्वागत केंद्रात नाव नोंदवा, नातेवाइकांकडे राहणार असलात तरी. नाव नसेल तर शोधणारी माणसं तुम्हाला जंगलात शोधत राहतात. भारतातल्या घरी एकानेच मेसेज करायचा आणि बाकीच्यांनी फोनची बॅटरी वाचवायची.

सावध: रस्त्यात थांबून ज्वाळांचा व्हिडिओ काढण्यासाठी एक गाडी थांबली की मागे शंभर गाड्या थांबतात.

## १०. परतताना

निघण्याच्या सकाळी पुन्हा ५११ बघा. पार्कवेने परतणार असाल तर जॅस्परला टाकी पूर्ण भरा. हायवे १६ने एडमंटनला जाणार असाल तर हिंटनपर्यंत काळजी नाही. आई-बाबा थेट विमानतळावर जाणार असतील तर बेअर स्प्रे त्यांच्या बॅगेत राहिलेला नाही ना, हे डिकी उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उरलेला डबा कचऱ्यात टाकू नका. इन्फॉर्मेशन सेंटरमध्ये तो कुठे द्यायचा ते विचारा, किंवा पुढच्या आठवड्यात जाणाऱ्या कुणा ओळखीच्याला द्या. आणि तुमच्या यादीवर आज कोणती ठिकाणं उघडी होती, कोणती बंद होती, ते तारखेसकट लिहून ती त्याच माणसाच्या हातात ठेवा.